घरच्या ओव्हनमध्ये पुल्ड पोर्क: या चुका टाळा

पुल्ड पोर्क म्हणजे तासन्‌तास मंद आचेवर शिजवून काट्यांनी तंतू सोडवलेलं डुकराचं मांस. पहिल्यांदा ते केलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सात माणसं जेवायला बसलेली, आणि मी ओट्यापाशी दोन काटे घेऊन मांसाशी झटत होते. पाच तास ओव्हनमध्ये होतं. वरून छान काळसर-तांबूस झालं होतं, सुरीही आत जात होती. पण तंतू काही सुटेनात. शेवटी त्याचे तुकडे केले, कांदा-खोबरं परतलं आणि सुकं करून वाढलं. सगळ्यांनी आवडीनं खाल्लं, पण मला करायचं होतं ते हे नव्हतं.

"मावशी, अजून दीड तास ठेवायला हवं होतंस," भाचा म्हणाला. तो दोन वर्षं अमेरिकेत राहून आलेला. मला तेव्हा ते पटलं नाही. पाच तासांत जे मऊ झालं नाही ते साडेसहा तासांत चामड्यासारखं होणार, असंच कोणालाही वाटेल. पुढच्या वेळी थर्मामीटर लावून केलं तेव्हा कळलं की त्याचं बरोबर होतं. या पदार्थातल्या निम्म्याहून जास्त चुका इथूनच निघतात, म्हणून आधी हेच नीट सांगते.

मांस शिजणं वेगळं, मांस सुटणं वेगळं

डुकराच्या मांसाचा अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसला पोचला आणि तीन मिनिटं तसाच राहिला, की खायला सुरक्षित मानला जातो. म्हणजे तो 'शिजला'. पण खांद्याचं मांस त्या तापमानाला काट्याने सुटत नाही. सुटण्यासाठी आतलं तापमान ९३ ते ९५ अंशांपर्यंत न्यावं लागतं, आणि तेही हळूहळू.

कारण खांदा हा जनावराचा राबणारा भाग. त्यात स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरट चिवट पडदे असतात, त्यांतल्या प्रथिनाला कोलॅजन म्हणतात. साधारण ७० अंशांच्या पुढे ते विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. आपण पायाचं सूप करतो ते गार झालं की थरथरतं, तेच हे. हे जिलेटिन तंतूंमध्ये पसरलं की मांस मऊ आणि रसरशीत लागतं. पण ते काम तासातासानं होतं, मिनिटांत नाही. मधल्या काळात, म्हणजे ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान, मांसातलं पाणी निघून गेलेलं असतं आणि कोलॅजन अजून पुरतं विरघळलेलं नसतं. त्या वेळी मांस सगळ्यात चिवट लागतं. मी नेमकं तिथेच ते बाहेर काढलं होतं.

त्यात आणखी एक फसवी गोष्ट होते. उघडं भाजत असलेलं मांस ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी पोचलं की थर्मामीटरचा काटा पुढे सरकतच नाही. तास जातो, दोन तास जातात, आकडा तोच. ओव्हन बिघडला असं वाटून माणूस आच वाढवतो. बिघडलेलं काही नसतं. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि त्या उडण्यानं मांस गार होत असतं. आपल्या माठातलं पाणी मे महिन्यात गार राहतं ते याच कारणानं. उपाय सोपा आहे. आकडा अडला की तुकडा दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचा. वाफ कोंडली की पाणी उडायचं थांबतं आणि काटा पुन्हा चढू लागतो.

म्हणून या पदार्थासाठी एकच वस्तू विकत घ्या असं मी सांगीन, ती म्हणजे मांसात खुपसायचा थर्मामीटर. नसेलच तर काटा खुपसून फिरवून पाहा. लोण्यात फिरावा तसा फिरला तर झालं. हाडासकट तुकडा असेल तर हाड हलवा, ते जवळजवळ आपोआप बाहेर यायला हवं. 'सुरी आत जाते' ही खूण पुरेशी नाही.

वेळेचा हिशेब उलटा करा

जेवण नऊला असेल तर दीड किलोचा तुकडा दुपारी एकला ओव्हनमध्ये गेला पाहिजे. १४० अंशांवर त्याला साडेचार ते सहा तास लागतात, त्यापुढे एक तास मुरवण्याचा, आणि एक तास हाताशी राखीव. लवकर झालं तर काही बिघडत नाही, ते कसं ते खाली येईलच. उशीर झाला तर मात्र काहीच करता येत नाही. कच्च्या दीड किलोचं शिजून, चरबी काढून साधारण ८०० ते ९०० ग्रॅम उरतं. सहा माणसांना पुरतं.

तुकडा कोणता घ्यायचा

दुकानात 'बोनलेस द्या' म्हटलं की बहुतेक वेळा मांडीचे किंवा पाठीचे चौकोनी तुकडे मिळतात. ते व्हिंदालूला चालतील, इथे नाही. त्यांत चरबीही कमी आणि कोलॅजनही कमी, त्यामुळे सहा तासांत त्यांचा भुसा होतो. पुढच्या पायाचा वरचा भाग, म्हणजे खांदा, अखंड मागा. मी तो पुण्याहून सोलापूरला गोठवलेला आणवते. हुतात्मा एक्स्प्रेसने कोणी येणार असलं की थर्माकोलच्या खोक्यात, भोवती बर्फाच्या पिशव्या घालून. मांसाची तपासणी होते अशा ठिकाणाहूनच घ्या. डुकराच्या मांसाबाबत टेपवर्मची भीती आपल्याकडे आहे आणि ती अनाठायी नाही. आतून ९५ अंशांना गेलेल्या मांसात तो जगत नाही, पण कच्चं मांस कापलेल्या पाटावर नंतर कोबी चिरला तर त्या शिजवण्याचा काय उपयोग? कोशिंबिरीचं सगळं आधी चिरून घ्या, मांस सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे पोर्क बऱ्याचदा कातडीसकट येतं. भारतीय पद्धतीच्या रश्शात ती कातडी मऊ होऊन छान लागते. ओव्हनमध्ये मात्र ती चिवट होते आणि खाली मसाला शिरू देत नाही. कातडी सोलून काढा, चरबीचा बोटाच्या अर्ध्या जाडीइतका थर राहू द्या.

गोठवलेला तुकडा ओट्यावर ठेवून वितळवू नका. आपल्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो. बाहेरचा थर तासाभरात कोमट होऊन खराब व्हायला लागतो आणि आत अजून बर्फच असतो. दोन किलोला फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण एक दिवस द्या.

मटणाच्या सवयी इथे आणू नका

आपण मटण करतो तसं हे करायला गेलं की तीन चुका हमखास होतात. माझ्याही झाल्या.

पहिली, मांस नळाखाली धुणं. त्यानं जंतू जात नाहीत, सिंकभर उडतात. शिवाय ओल्या मांसाला रंग धरत नाही. स्वच्छ कापडानं किंवा कागदी रुमालानं टिपून कोरडं करा.

दुसरी, कच्ची पपई. जून बोकडाच्या मटणाला ती लावतात ते ठीक. पपईतला पापेन प्रथिनं तोडतो, पण जाड तुकड्यात तो आतपर्यंत पोचत नाही, फक्त वरचा थर पिठासारखा करतो. सहा तास शिजणाऱ्या मांसाला त्याची गरजच नाही.

तिसरी, दही आणि आलं-लसणाचं वाटण. दही तुकडा ओला ठेवतं, त्यामुळे वरची खरपूस काळसर साल तयारच होत नाही. वाटण काही तासांत जळून कडू होतं. इथे सगळं कोरडं हवं. एका किलोला १३-१४ ग्रॅम मीठ, दोन चमचे ब्याडगीची पूड, एक चमचा भरडलेली मिरी, एक चमचा जिरेपूड, अर्धा चमचा मोहरीची पूड, लसणाची कोरडी पूड असेल तर एक चमचा आणि एक चमचा गूळ पावडर. ब्याडगी सोलापुरात कुठेही मिळते आणि अमेरिकेतल्या पापरिकासारखा रंग देते. तिखटपणाही बेताचाच. आपला काळा मसाला मी दोनदा लावून पाहिला. दगडफूल आणि खोबऱ्याची चव या मांसावर चढते आणि पुढे सॉसशी भांडते. तो रश्शालाच शोभतो. मसाला आदल्या रात्री चोळून तुकडा फ्रिजमध्ये उघडा ठेवा.

ओटीजीशी जमवून घेताना

ओटीजीच्या (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनच्या) बटणावरचा आकडा खरा असेलच असं नाही. माझा वीस अंश जास्त तापतो. ओव्हनमध्ये टांगायचा साधा थर्मामीटर आत ठेवून एकदा खात्री करून घ्या. वरची कांब मांसाच्या अगदी जवळ येते, म्हणून जाळी सगळ्यात खाली लावा. पहिले अडीच-तीन तास उघडं ठेवलंत तर साल धरेल, मग आकडा अडला की फॉइल. गुळामुळे वरचा भाग फार लवकर काळा पडायला लागला तर फॉइलचा एक तुकडा सैल झाकून द्या.

दर अर्ध्या तासाला दार उघडून पाहू नका. प्रत्येक वेळी आतली उष्णता जाते आणि जेवण लांबतं.

मध्येच वीज गेली तर घाबरू नका आणि दार उघडू नका. पंधरा-वीस मिनिटांनी काही बिघडत नाही. जास्त वेळ गेली तर गुंडाळलेला तुकडा जाड बुडाच्या पातेल्यात ठेवा, अर्धी वाटी पाणी घाला, घट्ट झाकण लावा आणि खाली तवा ठेवून गॅसच्या सगळ्यात मंद आचेवर चालू ठेवा. एकदा फॉइल लागलं की मांसाला उष्णता कुठून येते याचा फरक पडत नाही.

ओव्हनच नसेल तर कुकर. त्यातली मुख्य चूक म्हणजे पाणी. मटण बुडेल एवढं पाणी घालायची सवय असते. तसं केलं की सगळी चव पाण्यात उतरते आणि मांस उकडल्यासारखं लागतं. पाव-पाव किलोचे मोठे तुकडे आधी कढईत चहूबाजूंनी लाल परता, पाच लिटरच्या कुकरला एक वाटी पाणी पुरे. मांस स्वतःचं पाणी सोडतंच. पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करून ५५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतला रस एकदम उकळतो आणि मांस कोरडं पडतं. सोडवलेले तंतू शेवटी गरम तव्यावर थोड्या चरबीत पसरून कडा खरपूस करून घ्या. ओव्हनसारखं शंभर टक्के होणार नाही, पण वाढायला नक्की चांगलं होतं.

धूर

हॉटेलातल्या पुल्ड पोर्कची चव अर्धी धुराची असते. अमेरिकेतल्या कॅरोलायनात परंपरेनं ओक आणि हिकरीच्या लाकडावर रात्रभर हे मांस होतं, टेक्सासकडे मेस्किट वापरतात. आपल्या माळरानावर माजलेली वेडी बाभूळ त्या मेस्किटचीच बहीण, एकाच कुळातली. म्हणून अंगणात कोळशाची शेगडी आणि झाकण असलेलं पिंप असणाऱ्यांना ती वापरावीशी वाटते. तिचा धूर फार जोरकस असतो. एक-दोन वाळलेल्या ढलप्या, फक्त पहिल्या तासाला. आंबा किंवा पेरूचं वाळलेलं लाकूड सौम्य आणि जास्त बिनधोक. ओलं लाकूड कुठलंच नको आणि कडुनिंब तर नकोच. पांढराशुभ्र दाट धूर म्हणजे मांस कडू होणार. जवळजवळ न दिसणारा निळसर धूर हवा.

घरात मात्र धुंगार. तंतू सोडवून झाल्यावर पातेल्यात मधोमध वाटी ठेवा, त्यात पूर्ण पांढरी राख धरलेला लाकडी कोळशाचा निखारा, वर अर्धा चमचा तूप, आणि झाकण पाच मिनिटं. पंधरा मिनिटं ठेवलं तर तुपाच्या करपटपणाशिवाय दुसरी चव उरत नाही.

मुरवण्यासाठी सोलापुरी टॉवेल

बाहेर काढल्या काढल्या तंतू सोडवायचे नाहीत. उकळता रस तेव्हा वाफ होऊन उडतो. फॉइलसकट तुकडा जाड टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात किंवा मोठ्या कॅसरोलमध्ये ठेवा. अमेरिकेत बार्बेक्यू करणारे हेच करतात, जुने टॉवेल आणि पिकनिकचा बर्फाचा डबा घेऊन. आपल्याकडे तर टॉवेल घरोघरी आहेत, तेही सोलापूरचे. किमान एक तास मुरू द्या. असं गुंडाळलेलं मांस तीन तासांनीही हात पोळेल इतकं गरम राहतं, म्हणून वर म्हटलं की लवकर झालं तरी काही बिघडत नाही. फक्त आतलं तापमान ६० च्या खाली येऊ देऊ नका.

फॉइलमध्ये जमलेला रस ओतून टाकणं ही हळहळ वाटावी अशी चूक. तो उंच भांड्यात काढा, वर आलेली चरबी पळीनं काढून टाका आणि खालचा रस सोडवलेल्या तंतूंवर परत घाला. बाहेरून आणलेल्या सॉसनं ही चव येत नाही.

तंतूही अगदी धाग्यासारखे बारीक करू नका. करंगळीएवढे जाड ठेवा. बारीक तंतू दोन मिनिटांत कोरडे पडतात.

सॉस

केचपमध्ये साखर घालून त्यात मांस बुडवून ठेवलं की सगळीकडे एकच चव लागते. पूर्व कॅरोलायनात सॉस म्हणजे व्हिनेगर, मिरची आणि मीठ, जवळजवळ पाण्यासारखा पातळ. चरबीच्या मांसाला तीच आंबट धार हवी असते. एक वाटी व्हिनेगर, एक चमचा मिरचीचे तुकडे, एक मोठा चमचा गूळ, अर्धा चमचा मीठ, एक उकळी. बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेलं पांढरं व्हिनेगर नाकात जातं, सफरचंदाचं किंवा उसाचं घ्या.

माझ्या घरी यात डाळिंब येतं. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे आणि जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हे फळ असताना सॉसला दुसरा गोडवा कशाला शोधायचा! अर्धा लिटर रस आटवून दीडशे मिलिलिटर करा आणि गुळाऐवजी वरच्या सॉसमध्ये घाला. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया फुटून कडवटपणा उतरतो. चाळणीवर हातानं चोळून रस काढा.

सोबतचे पदार्थ

ताट जड होणं ही इथली खरी चूक. मांसात चरबी आहे, त्याला जोडून चीजमध्ये बुडालेला पास्ता आणि तळलेले बटाटे ठेवले की चार घासांत हात थांबतो. निदान दोन गोष्टी आंबट-कुरकुरीत हव्यात.

कोबीचं कोलस्लॉ (अमेरिकी पद्धतीची कोशिंबीर) पाणी सोडतं, कारण कोबी न पिळता त्यावर मेयोनेझ घातलेलं असतं. बारीक चिरलेल्या कोबी-गाजराला मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, मग चक्का, चमचाभर व्हिनेगर आणि मोहरीची पूड. मेयोनेझपेक्षा मला चक्का आवडतो, चव हलकी राहते. वाढायच्या क्षणापर्यंत फ्रिजमध्येच.

बेक्ड बीन्ससाठी राजमा आठ तास भिजवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळून मगच पुढे शिजवा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा विषारी घटक असतो आणि तो मंद आचेवर जात नाही. टोमॅटो आणि गूळ राजमा पूर्ण मऊ झाल्यावरच घाला. आधी घातले तर दाणा टणकच राहतो, मग कितीही शिट्ट्या द्या.

पाव सकाळचा, भट्टीचा, लोण्यावर कापलेल्या बाजूनं भाजलेला. टुटी-फ्रुटीचे गोड बन नकोत. आणि घरात कडक भाकरी असेल तर पावाआधी तीच काढा. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पातळ भाकरीच्या तुकड्यावर चार तंतू, व्हिनेगरमधला कांदा आणि थोडं कोलस्लॉ. ती कुरकुरते आणि रस पितेही, पण लगेच मोडत नाही. शेंगा चटणी मात्र या ताटात मी ठेवत नाही. ती स्वतःच इतकी तेलकट-खमंग असते की पोर्कच्या शेजारी दोन्हींची चव मार खाते.

पाहुणे असतील तर आमंत्रण देतानाच पोर्क आहे हे स्पष्ट सांगा. अनेक घरांत ते चालत नाही. त्यांच्यासाठी बोकडाचा खांदा याच पद्धतीनं, पण वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या पळीनं. बोकडाला चरबी कमी असते, म्हणून तो सुरुवातीपासूनच झाकून करा.

ऐनवेळी गडबड झालीच तर

तंतू सुटत नसतील आणि हाताशी तासभर असेल तर तुकड्याचे चार भाग करा, फॉइलमधल्या रसासकट कुकरमध्ये घाला आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं द्या. हे त्या पहिल्या रात्री माहीत असतं तर सात जणांना सुकं वाढावं लागलं नसतं.

कोरडं लागलं तर राखलेला रस, तो नसेल तर गरम पाण्यात थोडं लोणी आणि सॉस मिसळून तंतूंवर शिंपडा आणि झाकून पाच मिनिटं ठेवा. खारट झालं तर बिनमिठाचं कोलस्लॉ आणि साधा पाव जास्त वाढा, बटाटा घालून मीठ जात नाही. लगदा झाला असेल तर तव्यावर पातळ पसरून एका बाजूनं कडक करा. धुरानं कडू झालं असेल तर वरची साल काढून टाकणं हाच उपाय, आतलं मांस बहुतेक वेळा ठीक असतं.

उरलेलं ओट्यावर राहू देऊ नका. एरवी दोन तास चालतात, आपल्या उन्हाळ्यात एकच. पसरट डब्यात रसासकट भरून फ्रिजमध्ये ठेवलं की तीन-चार दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तव्यावर कांद्याबरोबर खरपूस परततात, वर अंडं फोडतात आणि डब्यातल्या उरलेल्या कडक भाकऱ्या काढतात. आमच्या घरी काही जण त्या नाश्त्यासाठीच रात्री कमी जेवतात.